लेकरांसाठी थांबलेले युद्ध



आजच्या पहिल्या वाचनात आपण नामान सेनापतीविषयी ऐकले. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून त्याने यार्देन नदीत सात वेळा बुडी मारली आणि त्याची कांती लहान मुलाच्या कांतीसारखी झाली. उपासनेत हा भाग पाचव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनापासून वाचला जातो. त्यामुळे या घटनेला ज्या व्यक्तीने सुरुवात करून दिली, तिचे नाव तर सोडाच, तिचा उल्लेखही आपल्या कानांवर पडत नाही. आज घरी गेल्यावर ‘दुसरे राजे’ या ग्रंथाचा पाचवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा.

तेथे तुम्हांला एक लहान मुलगी भेटेल. अरामी टोळ्यांनी इस्राएलवर धाड घातली, तेव्हा त्यांनी तिला धरून नेले होते. ती नामानच्या घरी त्याच्या पत्नीची दासी झाली. युद्धाने तिचे आईवडील, घर आणि गाव हिरावून घेतले. ज्या सैन्याने हे केले, त्याचाच सेनापती कुष्ठरोगाने पछाडला होता. ती गप्प राहिली असती, तर तिला कोण दोष देणार होते? पण तिने आपल्या मालकिणीला सांगितले, की शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो धन्यांना बरे करील. एवढे बोलून ती ग्रंथातून दिसेनाशी होते.

शत्रूलाही आरोग्य मिळावे, ही गोष्ट येथे एका युद्धपीडित लेकराला सुचली. मोठ्यांना ती सहजी सुचत नाही. इस्राएलच्या राजाला नामानविषयी अरामच्या राजाचे पत्र मिळाले, तेव्हा त्याने कपडे फाडले. हा आपल्याशी भांडण उकरून काढतो आहे, असे त्याला वाटले. आजाराच्या पत्रातही त्याला युद्धच दिसले.

प्रिय बंधुभगिनींनो, ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे, की आपल्या काळातही युद्धभूमीवर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. गोवर, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला आणि पोलिओ हे रोग सरकारचे मूल कोणते आणि बंडखोरांचे मूल कोणते, हे पाहत नाहीत. लस मात्र माणसांच्या हातून जाते, आणि माणसांच्या वाटेवर तपासनाके, सुरुंग आणि बंदुका असतात. मग युद्ध चालू असताना मुलांना लस कशी द्यायची? या प्रश्नाला एका लहानशा देशाने १९८५ साली जे उत्तर दिले, त्यात आपल्या ख्रिस्तसभेचा मोठा वाटा होता. ते उत्तर आपण जाणून घेतले पाहिजे.

तो देश म्हणजे मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर. त्या नावाचा अर्थच ‘तारणारा’. तारणाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या या देशात १९८० पासून यादवी युद्ध पेटले होते. एका बाजूला सरकारी लष्कर, दुसऱ्या बाजूला फाराबुंदो मार्ती आघाडीचे गनिमी बंडखोर. १९९२ पर्यंत चाललेल्या या युद्धात सुमारे ७५ हजार माणसे मारली गेली. मारणारे आणि मरणारे बहुतेक कॅथलिकच होते. एकाच स्नानसंस्काराने देवाची लेकरे झालेले.

त्या युद्धात मुलांचीही गय झाली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते या खेड्यात लष्कराने शेकडो गावकऱ्यांची हत्या केली. पुढे १९९२ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा चर्चशेजारच्या एकाच लहान इमारतीत शंभराहून अधिक मुलांचे अवशेष सापडले. हेरोद राजाच्या सैनिकांनी बेथलेहेमात जे केले, तेच येथेही घडले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे घडले ते सज्जन माणसांच्या देशात, सोयीच्या दिवसांत घडले, असा आपला समज होऊ नये.

१९८४ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे, म्हणजे युनिसेफचे, प्रमुख जेम्स ग्रँट यांनी अध्यक्ष होसे नापोलियन दुआर्ते यांच्यापुढे एक विचार मांडला. तुमच्या देशात लढाईत जेवढी माणसे मरतात, त्यापेक्षा अधिक मुले लशीने टाळता येणाऱ्या रोगांनी मरतात. मग मुलांसाठी काही दिवस युद्ध थांबवता येणार नाही का? विचार पटण्यासारखा होता. अडचण वेगळीच होती. बंडखोरांशी बोलणार कोण? सरकारचा शब्द त्यांना खरा वाटेना, त्यांचा शब्द सरकारला खरा वाटेना. तेव्हा दोन्ही बाजूंकडे जाऊ शकेल अशी संस्था म्हणून ख्रिस्तसभा पुढे आली. सान साल्वादोरचे आर्चबिशप आर्तुरो रिव्हेरा इ दामास आणि त्यांचे सहकारी मध्यस्थ झाले.

हा विश्वास फुकट मिळालेला नव्हता. रिव्हेरा इ दामास यांच्या आधी त्या पदावर आर्चबिशप ऑस्कर रोमेरो होते. २३ मार्च १९८० च्या रविवारी त्यांनी प्रवचनातून सैनिकांना आपल्याच बांधवांवरील दडपशाही थांबवण्याचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी मिस्साबलिदान अर्पण करीत असताना वेदीपाशी त्यांना गोळी घालण्यात आली. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ख्रिस्तसभेने आपल्या मेंढपाळाचे रक्त सांडलेले पाहिले होते. तरीही ज्यांच्यावर त्या रक्ताचा संशय होता, त्यांच्या दारी ती मुलांसाठी गेली. नामानच्या घरातील त्या मुलीचीच ही वाट.

शेवटी दोन्ही बाजूंनी मान्य केले. ३ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २१ एप्रिल १९८५ हे तीन दिवस ठरले. ‘शांततेचे दिवस’ असे त्यांना नाव पडले. बंदुका थांबल्या आणि सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हा उपक्रम चालू राहिला.

आता या तीन तारखांकडे जरा लक्ष द्या. तीनही दिवस रविवार होते. प्रभूच्या दिवशी शस्त्र खाली ठेवावे, ही ख्रिस्तसभेची फार जुनी शिकवण आहे. आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये १०२७ साली भरलेल्या एका धर्मपरिषदेने शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत लढाईला बंदी घातली होती. पुढे ही बंदी बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत वाढवण्यात आली. तिला ‘ईश्वराचा युद्धविराम’ म्हणत. सरदारांनी तो अनेकदा मोडला, हेही खरे. पण कोणताही राजा किंवा सरदार सर्व दिवसांचा मालक नाही, काही दिवस देवाचे आहेत, हे ख्रिस्तसभेने त्यांच्या तोंडावर सांगितले.

दुसरी तारीख, ३ मार्च, हा त्या वर्षी उपवासकाळातील दुसरा रविवार होता. त्या दिवशी जगभरच्या चर्चमध्ये पहिले वाचन होते ते अब्राहाम आणि इसहाक यांचे. लेकरावर उगारलेला सुरा देवाच्या दूताने अडवला, हे त्या दिवशी एल साल्वादोरमध्ये ज्यांनी ऐकले असेल, त्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट औषधशास्त्राची आहे. पोलिओची आणि त्रिगुणी लस एकदा देऊन भागत नाही. पहिल्या डोसाने शरीराला त्या रोगाची ओळख होते. पुढच्या डोसांनी प्रतिकारशक्ती पक्की होते, आणि दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर लागते. म्हणून एका दिवसाचा युद्धविराम पुरेसा नव्हता. दिलेला शब्द तीन वेळा पाळावा लागणार होता, आणि मधल्या आठवड्यांत लढाई चालूच होती. पहिल्या रविवारी जी आई बाळाला घेऊन बाहेर पडली, तिला तो दिवस सुखरूप गेला म्हणूनच दुसऱ्या रविवारी बाहेर पडण्याचा धीर झाला. लसीलाही थंडावा लागतो. दोन ते आठ अंश तापमानात ती कारखान्यापासून बाळाच्या ओठांपर्यंत न्यावी लागते. वाटेत एका ठिकाणी जरी बर्फाचा डबा उन्हात राहिला, तरी लस निकामी होण्याचा धोका असतो. विश्वासाचेही तसेच आहे. तो हातोहात पोहोचवावा लागतो आणि वाटेत एकाने जरी हयगय केली, तरी पुढच्यांचे कष्ट वाया जातात.

विश्वासाची ही साखळी तुटली म्हणजे काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २०११ साली पाकिस्तानातील अबोटाबाद येथे अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी काविळीच्या लसीकरणाचे सोंग उभे केले. ते उघडकीस आले. आधीच लसीविषयी संशय पसरवणाऱ्यांच्या हाती त्यामुळे कोलीत मिळाले. २०१२ मध्ये तालिबानी नेत्यांनी वझिरिस्तानात लसीकरणाला बंदी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराची आणि पेशावर येथे पोलिओचा डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारल्या गेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आपल्याकडील आशा ताई आणि अंगणवाडी सेविका करतात तेच काम त्या करीत होत्या. लसीकरण मोहिमेचा असा वापर यापुढे करणार नाही, असे अमेरिकेच्या सरकारने २०१४ मध्ये जाहीर केले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोन देशांतून पोलिओ अजून हटलेला नाही. त्याला इतरही कारणे आहेत. परंतु मारेकऱ्यांचा अपराध तिळमात्र कमी न मानता एवढे म्हणावेच लागते, की बाळाच्या लसीचा हेरगिरीसाठी वापर करणे हे पाप होते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्ववेत्ता कांट याने अठराव्या शतकात मांडले. मूल तर कोणाच्याही विजयाचे साधन होऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, तुमच्या मनात एक शंका आली असेल. रविवारी लस द्यायची आणि सोमवारी त्याच मुलाच्या गावावर बॉम्ब टाकायचा, ही विटंबना नाही का? अशा युद्धविरामाने युद्धालाच सभ्यपणाचा मुखवटा मिळत नाही का?

ही शंका खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. एल साल्वादोरमधील युद्ध त्या तीन रविवारांनी संपले नाही. ते आणखी जवळजवळ सात वर्षे चालले. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी लष्कराच्या जवानांनी तेथील विद्यापीठात शिरून सहा येशूसंघीय धर्मगुरूंना, त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला आणि तिच्या तरुण मुलीला ठार केले. नामानच्या बाबतीतही असेच झाले. तो बरा झाला, इस्राएलच्या देवाला त्याने नमन केले. पण पुढचाच अध्याय वाचा, अरामी सैन्य पुन्हा इस्राएलवर चालून आलेले दिसेल.

तरीही या शंकेला दोन उत्तरे आहेत. पहिले अगदी साधे आहे. रविवारी लस मिळालेले मूल सोमवारीही गोवरापासून सुरक्षित असते. सोमवारच्या पापाने रविवारचे पुण्य पुसले जात नाही. सारे जग सुधारेपर्यंत एका मुलाला आजारी ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

दुसरे उत्तर अधिक कठीण आहे. लढणारा प्रत्येक पक्ष म्हणत असतो, की आम्हांला थांबायचे आहे हो, पण थांबता येत नाही. समोरच्याने भाग पाडले आहे. मुलांसाठी जो एक दिवस थांबला, त्याने स्वतःच्याच तोंडाने कबूल केले, की मला थांबता येते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. म्हणून शांततेचा एक दिवस हा उरलेल्या दिवसांना दिलेला परवाना नव्हे. तो उरलेल्या दिवसांवरचा आरोप आहे. ख्रिस्तसभेने युद्धविरामासाठी धडपडावे आणि युद्धविरामावर समाधान मानू नये, ते याचसाठी. १६ जानेवारी १९९२ रोजी मेक्सिकोतील चापुलतेपेक येथे अखेर शांतता करार झाला, तोपर्यंत आर्चबिशप रिव्हेरा इ दामास त्यासाठी झटत राहिले.

एल साल्वादोरचे हे उदाहरण नंतर इतर देशांपुढे ठेवले गेले. १९८७ मध्ये लेबनॉनमध्ये असे दिवस पाळले गेले. १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने सुदानमधील युद्ध सुमारे सहा महिने थांबले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक असलेला नारू हा रोग हटवणे, हे त्याचे मुख्य निमित्त होते. त्याच काळात मुलांना लसीही देण्यात आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये गाझामध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओने लुळे केले. पंचवीस वर्षांत तेथे असे घडले नव्हते. १ सप्टेंबर २०२४ पासून ठरावीक भागांत ठरावीक तास लढाई थांबवून दहा वर्षांखालील सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना डोस देण्यात आला. दुसऱ्या फेरीच्या वेळी, २ नोव्हेंबर रोजी, उत्तर गाझातील एका लसीकरण केंद्रावर हल्ला होऊन मुले जखमी झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. विरामाची घडी किती नाजूक असते, ते यावरून दिसते. तरी आया बाळांना घेऊन आल्या, परिचारिका आपल्या जागी उभ्या राहिल्या.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. दहा कुष्ठरोगी येशूकडे आले. त्यांतला एक शोमरोनी होता. यहुदी आणि शोमरोनी एरवी एका ताटात जेवत नसत. दुखण्याने त्यांना एकत्र आणले होते. येशूने त्यांची जात विचारली नाही. कोण परत येऊन आभार मानील आणि कोण मानणार नाही, हेही त्याने आधी पाहिले नाही. त्याने दहाही जणांना बरे केले. आभार एकानेच मानले, तरी नऊ जणांचे आरोग्य त्याने परत मागून घेतले नाही. उपचार आधी, पक्ष, धर्म आणि कृतज्ञता मागाहून, हा प्रभूचा क्रम आहे. नाझरेथच्या सभास्थानात त्याने नामानचे नाव घेतले, तेव्हा लोक एवढे चिडले की त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले. आपल्या शत्रूलाही देव बरे करतो, हे ऐकणे तेव्हाही जड होते आणि आजही जड आहे.

आपला देश या बाबतीत भाग्यवान आहे. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. आपल्या पुण्यात तयार होणाऱ्या लसी जगातील कितीतरी देशांतल्या बाळांपर्यंत पोहोचतात. आपल्या गावी बंदुका नाहीत. पोलिओच्या रविवारी आपण बाळाला कडेवर घेऊन बूथवर जातो, दोन थेंब पाजून घेतो, करंगळीवर शाईची खूण करून घेतो आणि घरी येऊन जेवायला बसतो. ही केवढी मोठी देणगी आहे, हे आपल्याला जाणवतच नाही. बरे झालेल्या दहांपैकी आपण त्या नऊ जणांत तर नाही ना?

म्हणून या रविवारी मी आपल्या धर्मग्रामापुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. घरातील लहान मुलांची लसीकरणाची कार्डे काढून पाहा. राहिलेला डोस वेळेवर पुरा करा. आपल्या परिसरात वीटभट्टीवर, बांधकामावर बाहेरगावची कुटुंबे येतात. त्यांचा मुक्काम हलता असतो आणि त्यांची मुले यादीतून सुटतात. महिला मंडळाने आणि युवकांनी त्यांच्या झोपड्यांपर्यंत जावे आणि आशा ताईंना मदत करावी. ती माणसे आपल्या धर्माची आहेत की नाहीत, हा प्रश्न मनातही आणू नये.

दुसरी. आपल्या वाड्यांतही लहान लहान युद्धे चालू आहेत. कुठे बांधाचा वाद, कुठे विहिरीचा, कुठे वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा खटला. दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हे मी समजू शकतो. त्यामागे खरी दुखणीही असतात. पण काकाच्या अंगणात पाऊल टाकायचे नाही, चुलत भावंडांशी खेळायचे नाही, अशी ताकीद मुलांना कशासाठी? त्या बाळांनी कोणाचा बांध कोरला? आज मी तुम्हांला खटला मागे घ्या असे सांगत नाही. मी फक्त तीन रविवार मागतो. पुढचे तीन रविवार मुलांना एकमेकांच्या घरी जाऊ द्या. आजारी पडलेल्या पुतण्याची चौकशी करा. ज्यांनी एकमेकांची माणसे मारली होती, त्यांना तीन रविवार जमले, तर आपल्याला का जमू नये? आणि एकदा जमले, की जमत नाही असे पुढे म्हणता येणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

तिसरी. दोन घरांत वाद असेल तर दोघांच्याही दारी जाऊ शकेल असा माणूस व्हा. असा माणूस होणे सोपे नाही. तो दोघांचेही बोल खातो. पण एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेऊन जो आपला फायदा करून घेत नाही, त्याचाच शब्द अडचणीच्या दिवशी चालतो. ख्रिस्तसभेने जगात हेच काम करायचे आहे आणि त्याची तालीम आपल्या वाडीतच होते.

आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण युद्धग्रस्त देशांतील मुलांसाठी, लसीचा डबा खांद्याला लावून तपासनाक्यांवरून जाणाऱ्या परिचारिकांसाठी आणि त्यांना वाट देणाऱ्या किंवा अडवणाऱ्या सैनिकांसाठी प्रार्थना करू या. हेरोदाच्या तलवारीपासून ज्याला मरियामाता आणि संत योसेफ रातोरात मिसर देशात घेऊन गेले, तो बाळ येशू त्या सर्वांचे रक्षण करो. आणि आपल्या हाती जे थांबवणे आहे, ते आजच थांबवण्याचे बळ आपल्याला देवो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू